राइस, मॉस आणि आमची अक्षरा

रीडिंग, इंग्लंड
२२ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

शनिवारी जयंतीच्या कार्यक्रमात जे झालं, त्याबद्दल गिरिजाचा फोन आला होता. तुझी लेक म्हणून नाही, कार्यक्रमाची सेक्रेटरी म्हणून बोलतेय, असं तिने आधीच स्पष्ट केलं. प्रमुख वक्ते बोलत असताना मागच्या टेबलावर दोन वयस्कर माणसं अमेरिकन फुटबॉलवरून भांडत होती, अशी तक्रार आली आहे. तुझं ब्लडप्रेशर त्या संध्याकाळी एकशे सत्तर होतं, हेही कळलं. यापुढे हा विषय फोनवर काढायचा नाही, काढायचाच असेल तर पत्र लिहायचं, असा तिचा निकाल आहे. पत्र पोस्टात पडेपर्यंत डोकं थंड होतं म्हणे. मला ते पटलं.

तर मुद्दा. वाइड रिसीव्हर म्हणजे नक्की काय करतो, असं आपल्या टेबलावरच्या प्रमोदिनीताईंनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की तो कडेला उभा राहतो, पळत सुटतो आणि लांबून फेकलेला बॉल झेलतो. एवढंच का, असं त्या म्हणाल्या. एवढंच. पण ते एवढंच जेरी राइसने एक हजार पाचशे एकोणपन्नास वेळा केलं. १९८७ साली खेळाडूंच्या संपामुळे त्याला बाराच सामने मिळाले, त्यात त्याने बावीस टचडाउन, म्हणजे सहा-सहा गुणांचे झेल, घेतले. तुझ्या रँडी मॉसचे २००७ चे तेवीस मला मान्य आहेत, पण ते सोळा सामन्यांत. जन्मभर औषधं मोजून देणाऱ्या बाईला बारा आणि सोळातला फरक कळू नये, याचं नवल वाटतं.

राइसचे वडील गवंडी. भाऊ खालून विटा फेकायचे आणि हा वर झेलायचा. पुढे टेकडी चढत पळायचा. झेल म्हणजे मेहनत. आपली अक्षरा यंदा तिच्या टीममध्ये रिसीव्हर झाली आहे, तिला सरावाचं एक पान लिहून पाठवलंय. तू आजी असलीस तरी त्यात मध्ये पडू नकोस.

माया आहेच. ती वादातून शाबूत राहावी, ही विनंती.

तुझा
राजू


मिल्टन कीन्स
२९ एप्रिल २०२५

चि. राजूस,
अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. वाचण्यापूर्वी आणि वाचल्यानंतर प्रेशर मोजलं. फार वाढलं नाही, तेव्हा लिहिते.

राइस मेहनती होता, मी नाही कुठे म्हणते? मेहनती माणसं मी वॉर्डात अडतीस वर्षं पाहिली. पण मॉस पळायला लागला की खुर्चीत बसलेला माणूस आपोआप उभा राहायचा. तुझे भाऊजी राहायचे, ते तर देवळासमोरही कधी उभे राहिले नाहीत. शिवाय मॉस हात अगदी शेवटच्या क्षणी वर करायचा. अंगाला चिकटून पळणाऱ्या गड्याला बॉल आलाय हेच कळत नसे. ते मेहनतीने येत नाही, राजू. ते असावं लागतं.

तुझं पान अक्षराने फ्रिजवर लावलंय. टेकडी चढून पळायचं लिहिलंयस, पण मिल्टन कीन्समध्ये टेकडी नाही. म्हणून ती सायकलींच्या रेडवेवरच्या अंडरपासमधून खाली-वर पळते. सायकलवाले आता तिला ओळखतात. मी तिला एवढंच सांगितलंय की हात उशिरा काढ. ती तुझंही ऐकते, माझंही ऐकते. कुणाला नाही म्हणणं तिला जमत नाही. हे तिने आपल्या आईकडून, गिरिजाकडून घेतलेलं नाही.

तब्येतीला जप. डोळ्यांच्या हॉस्पिटलची तारीख आली का ते कळव.

तुझी
ताई


मिल्टन कीन्स
१८ मे २०२५

चि. राजूस,
आशीर्वाद आणि जयभीम.

आधीच सांगते, बोट डाव्या हाताचं आहे आणि करंगळी आहे.

काल दुपारी मी आणि अक्षरा मागच्या गार्डनमध्ये होतो. पॅटिओच्या कामातल्या काही विटा उरल्या होत्या. तुझ्या पानावर चौथ्या ओळीत विटा आहेत. सावकाश फेकायच्या असं आमचं ठरलं होतं आणि मी सावकाशच फेकत होते. फक्त फेकताना, हात उशिरा काढ, असंही मी सांगत होते. विटा तुझ्या, उशिरा हात माझे. दोन्ही एकत्र करू नयेत, हे आपल्यापैकी एकाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

हॉस्पिटलच्या ए अँड ई-मध्ये अक्षराची करंगळी बांधून घेण्यात पाच तास गेले. हे कसं झालं, असं तिथल्या नर्सने विचारलं, मी खरं ते सांगितलं. मग तिने माझ्या कामधंद्याविषयी विचारलं. अडतीस वर्षं नर्सिंग, असं मी म्हणाले. तिने तेही लिहून घेतलं.

न्यायला गिरिजा आली. पहिल्या सात राउंडअबाउटना तिने नुसते वळसे घातले. आठव्यावर म्हणाली, "पोरीला काय हवंय ते विचारलंय का तुम्ही कुणी?"

मी मागे वळून पाहिलं. अक्षरा खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं नव्हतं, राजू. तू विचारलं असशील तर कळव.

तुझी
ताई


मिल्टन कीन्स
८ जून २०२५

प्रिय आजी आणि मामाआजोबा,
जयभीम.

हे पत्र मी दोघांना सेम पाठवते. आजी, तू खालच्या रूममध्ये आहेस तरी पोस्ट करते, कारण समोर मला बोलता येत नाही. माझा मराठी चुकेल, सॉरी.

माझा बोट आता बरा आहे. पण मी रिसीव्हर सोडली. कोचला मीच सांगितलं. मला खूप महिने सांगायचं होतं.

मॅचच्या आधी मी सारखी फोनवर वेदर बघायची. मला वाटायचं पाऊस पडू दे आणि मॅच कॅन्सल होऊ दे. मी बॉल ड्रॉप केली की लगेच विचार यायचा की संध्याकाळी मामाआजोबांचा फोन येणार आणि आजी किचनमध्ये प्रेमाने समजावणार. बॉल हवेत असायची तेव्हा मला बॉल दिसायची नाही. तुम्ही दोघं दिसायचे.

मी टीम सोडली नाही. आता मी लाइनमध्ये आहे. म्हणजे बॉल फेकणाऱ्या मुलीच्या पुढे उभी राहते आणि कोणाला तिच्यापर्यंत पोचू देत नाही. आमच्यासाठी रूलच आहे की पास झेलायचा नाही. मला हा रूल खूप आवडतो. मी वाचून खात्री केली.

तुम्ही दोघं मला आवडता. राइस आणि मॉस पण चांगले आहेत.

तुमची
अक्षरा


रीडिंग
१२ जून २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

अक्षराचं पत्र तीनदा वाचलं. बॉल स्त्रीलिंगी नाही, हे तिला कळवावं असं पहिल्यांदा मनात आलं. मग कळवलं नाही.

तुला एक सांगायचं राहिलंय. १९८६ मध्ये कंपनीतल्या मुलांनी टीम काढली होती आणि मी तीत रिसीव्हर होतो, हे तुला आठवत असेल. नदीकाठच्या मैदानात एकच सामना खेळलो. मी मोकळा होतो, आसपास अडवणारं कुणी नव्हतं. बॉल थेट छातीवर आला आणि मी तो सोडला. तू आणि भाऊजी कडेला उभे होतात. घरी येताना भाऊजी म्हणाले, ऊन डोळ्यात गेलं असेल. त्या दिवशी दिवसभर ढग होते.

पुढे मी गेलो नाही. गुडघा दुखतो असं तुम्हाला सांगितलं. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. तेव्हापासून एकोणचाळीस वर्षं मी दुसऱ्या माणसाचे झेल मोजतोय. अक्षराला पाठवलेलं पान मी कधीकाळी स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं. वापरलं नाही. ते फ्रिजवरून काढून टाकायला सांग. नको, मीच तिला लिहितो.

ऑपरेशन ४ जुलैला आहे, उजवा डोळा. ६ तारखेच्या तिच्या सामन्याला यायला जमणार नाही. तू जा आणि कसं झालं ते कळव. सल्ला देऊ नकोस. हे मी स्वतःलाही सांगतोय.

तुझा
राजू


मिल्टन कीन्स
७ जुलै २०२५

चि. राजूस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. पत्र मोठ्या अक्षरात लिहितेय. थेंब वेळेवर घाल, आणि डोळा चोळायचा नाही.

गुडघ्याचं मला माहीत होतं. त्या आठवड्यात तू दोनदा पळत बस पकडलीस, मी खिडकीतून पाहिलं. तुझ्या भाऊजींनाही माहीत होतं. तुझं तू सांगशील म्हणून आम्ही गप्प बसलो. आता वाटतं, तेव्हाच विचारायला हवं होतं.

काल सामन्याला गेले. गिरिजाने फोल्डिंगची खुर्ची आणि डबा घेतला होता. खेळ सुरू झाला आणि पहिली दहा मिनिटं मी सवयीने बॉलमागेच बघत होते, त्यात अक्षरा कुठेच दिसेना. मग गिरिजाने हात धरून दाखवलं. मध्यभागी पाच जणी वाकून उभ्या होत्या, त्यांतली डावीकडून दुसरी. करंगळीला पट्टी, हात जमिनीला टेकलेला.

तिच्यासमोर दुसऱ्या टीमची एक बाई होती, कपाटाएवढी. दर खेपेला ती कपाटबाई धावून यायची आणि आपली पोर तिला छातीने अडवून धरायची. कधी दोघी पडायच्या. शिट्टी झाली की अक्षरा हात देऊन तिला उठवायची, दोघी काहीतरी बोलून हसायच्या, आणि पुन्हा तेच. असं मी तिला रिसीव्हर असताना कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा ती बॉल सुटला की खाली बघत परत यायची.

घरी आल्यावर लाइनमधल्या मोठ्या खेळाडूंची माहिती शोधली. त्यांचं कुणी फारसं मोजतच नाही, राजू. आपल्याला भांडायला आकडेच नाहीत. मी थोडा वेळ अस्वस्थ झाले आणि मग झोपले.

सामना कोण जिंकलं ते मला कळलंच नव्हतं. गाडीत बसल्यावर अक्षराला विचारावं लागलं. अठ्ठावीस-सहा, आपण हरलो. हे सांगताना ती समोसा खात होती, दुसरा. कंटाळा आला नाही ना आजी, असं तिने विचारलं. नाही आला, असं मी सांगितलं आणि पुढे काही बोलले नाही. फार कठीण गेलं, पण बोलले नाही.

पुढचा सामना २० तारखेला आहे. तोवर तुला प्रवासाची परवानगी मिळाली तर ये. नुसतं कुठे बघायचं ते कळावं लागतं, ते मी दाखवीन.

तुझी
ताई