ओल्या पानांवर पाय नको

अहो,

दार उघडलंत की भिंतीच्या कडेकडेने आत या. नव्या गालिच्यावरचा रंग अजून ओला आहे. जेवण झाकून ठेवलंय.

गालिचा स्वस्तातला, अगदीच भुंडा दिसत होता, म्हणून त्यावर पानांची नक्षी उठवायला बसले. पुठ्ठ्याचा साचा रंगाने लगेच भिजतो. मग मामंजींच्या जुन्या एक्स-रेंच्या पाकिटातून वरची फिल्म काढली, ब्लेडने पान कापलं आणि स्पंजने रंग टिपत चारही कडा पुऱ्या केल्या. शेवटी साचा पुसताना कोपऱ्यातलं बारीक नाव दिसलं. मामंजींचं नव्हे, तुमचं. तारीख गेल्या महिन्यातल्या शनिवारची. त्या शनिवारी तुम्ही ओव्हरटाइमला गेला होतात ना?

पाणी कुठंतरी मुरतंय असं मला वाटतच होतं. "खोकला धुळीचा आहे, तो जुना गालिचा आधी काढून टाक," असं तुम्हीच म्हणालात. आणि मी अशी दुधखुळी, की माझ्या आईने दिलेला गालिचा देऊन टाकला!

तुमच्या बहिणीला फोन लावला. उचलल्या उचलल्या म्हणाली, "वहिनी, मला काही विचारू नकोस हं." मी अजून विचारलंच कुठं होतं?

म्हणून तिच्याकडेच चाललेय. साचा आणि कापलेलं पान दोन्ही पर्समध्ये आहेत. पान नेमकं छातीच्या मधोमध कापलं गेलंय, पण जोडून डॉक्टरांना दाखवता येईल.

मी येईपर्यंत कुठे जाऊ नका. आणि खोकला आलाच, तर तो कशाचा ते आज खरं सांगा. गालिचा आता नवा आहे.