पोती पडायची जागा

१२ जानेवारी १९७५
"भाताचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त कम्युनिस्टांशी लढा." चौदा वर्षांपूर्वी अमेरिकन मिस्टर हॅरिस आमच्या अंगणात बसून म्हणाले होते. पुढच्याच महिन्यात विमानातून पोती पडली. तेव्हापासून आम्ही ह्मोंग लोकांनी डोंगर जाळून भात पेरणं जवळजवळ सोडलंच. गेल्या पावसाळ्यात अमेरिकन परत गेले. रजेवर असणार. माणसं शब्दाची पक्की. घरातली जुनी पोती तोवर पुरतील.

३ फेब्रुवारी
थोरल्या जाऊबाई कोयता घेऊन दारात. पोती पडायची सपाट जागा यंदा पेरू या म्हणाल्या. मी शांतपणे समजावलं, की रोपांवर पोती आदळली तर रोपंही जातील आणि पोतीही फुटतील. त्या म्हणाल्या, "अगं, आभाळातून भात पडतो तर शिजलेलाच का नाही पडत? सरपण तरी वाचेल."
ठरवलं: त्यांच्याशी वाद घालायचा नाही.

२० मार्च
वाद झाला. त्यांनी वरचा उतार जाळला, धूर माझ्या घरात. माझा नवरा नेंग कुबडीवर हनुवटी टेकून नुसता बघत बसला. त्याचा पाय गेला तो अमेरिकनांच्या लढाईत, म्हणजे आमचं नाव त्यांच्याकडे नक्की असणार. खुणेचं पांढरं कापड धुऊन सपाट जागेवर अंथरलं. वरून स्वच्छ दिसायला हवं.

२ मे
कापड पुन्हा धुतलं. विमान नाही. ढग असतील.
ऊन कडक होतं.
शेवटचं पोतं झटकलं. आमची लेक पाली आठ वर्षांची, पण रताळ्याला नाक मुरडत नाही. शहाणी आहे.

१४ मे, दुपार
विमान आलं. पण लाँग चेंगच्या लष्करी तळाच्या धावपट्टीवर, आणि आमच्या फौजेच्या जनरलसाहेबांना घेऊन गेलं. ते मोठ्यांचं विमान. आमचं वेगळं असेल.
नेंग म्हणाला, "कापड काढ. आता ते भलत्यांना दिसेल." काढलं. वाळत घातल्यासारखं कुंपणावर टाकलं.

१६ मे
थोरले दीर उद्या बायकामुलांसह मेकाँग नदी ओलांडून पलीकडच्या देशात जायला निघणार. डोंगरातून, पायी. खालच्या गावात शत्रूचे शिपाई आलेत. नेंगला मी म्हटलं, अजून दोन दिवस वाट पाहू. तो म्हणाला, "एका पायाचा माणूस नदीपर्यंत जातो का गं? मला उचलायला विमानच लागणार होतं. हे तुला जानेवारीतच ठाऊक होतं."


१७ मे, पहाट
पलीकडे परड्या बांधल्याचा आवाज येतोय. गेल्या साली जाऊबाईंनी पेरलेला भात त्यांच्या चार मुलांनाच जेमतेम पुरेल. नाही म्हणतील. मीही नाहीच म्हटलं असतं. पालीला झोपेतून उठवलंय, वेणी घातलीय. आता जाते आणि म्हणते: जाऊबाई, आम्हा दोघांचं राहू द्या, हिला तेवढी घेऊन जा. चालते ती. खातेही थोडंच.