कमी बोलणाऱ्याचं काम

३ जून

चि. नातीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. मी बोलते आहे आणि खालच्या मजल्यावरचा म्हातारा कंपाउंडर लिहितो आहे. त्याला बजावलंय, औषधाच्या पुड्या बांधायचास तसं माझं बोलणं बांधू नकोस, सांडेल तसं लिही.

अंध माणसांना कोणती कामं सुचवतात आणि ती टिकतात का, यावर तू एवढा अभ्यास करतेस. आणि घरच्याच माणसाला काय सुचवलंस? हॉस्पिटलचा टेलिफोन! अगं, तुझा मामा दिवसाकाठी दहा शब्द बोलणारा. लहानपणी दात दुखला तरी गाल सुजल्यावर मला कळायचं. त्याला दिवसभर फोनवर बसवणं म्हणजे घुबडाला दुपारची पाळी देणं.

माझं म्हणशील तर झकास चाललंय. बोलायला भिंती आहेत, मधेच तोंड घालत नाहीत.

लोभ आहे तेवढा असू दे, त्यातला थोडा मामालाही वाढ.
तुझी आजी

१७ जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि.
तुझं पत्र मामाला वाचून दाखवलं. घुबडावर हसला. बऱ्याच दिवसांनी त्याचं हसू ऐकलं.

चूक माझीच. त्याला काय जमेल, काय झेपेल, बस कुठून मिळेल, सगळं विचारलं. आवडेल काय, ते विचारायचं राहिलं. माझ्या प्रबंधात मात्र तो यशस्वी लोकांत जाऊन बसलाय. खरं तर हॉस्पिटलात सगळे त्याला प्रेमाने हात धरून जेवायच्या टेबलाशी नेतात आणि मग दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतात.

परवा एकदाचं विचारलं. म्हणाला, सायकलची चाकं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुरुस्तीचं दुकान आहे. चाकाच्या तारा बोटाने छेडून कुठली सैल आहे ते तो ओळखतो. दुकानाच्या मालकीणबाई त्याला ठेवून घ्यायला तयार आहेत. पण आता म्हणतो, आई एकटी आहे, नोकरी सोडून घरीच जातो. मला वाटतं, नव्या जागेला घाबरलाय आणि तुझ्या आडून बोलतोय. तरी तुझं एकटीचं खरंच भागत नसेल तर सांग, मी त्याला आणून सोडते. महिनाअखेर दुकानाला उत्तर द्यायचंय. तुझा शब्द तो मोडणार नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी नात

२४ जून

चि. नातीस अनेक आशीर्वाद. एवढा भाग मामाला मोठ्याने वाच.

बाबा रे, तू होतास तोवर या घरात काही जागचं हलवायची सोय नव्हती. खुर्ची चार बोटं सरकली की तुझ्या गुडघ्याला खोक. आता मी मोकळी! कपाट दाराकडे नेलंय, पलंग खिडकीखाली, टेबल मधोमध. आलास तर परक्यासारखा माझा हात धरून फिरशील, आणि मी काही तेवढी रिकामी नाही. तेव्हा मुकाट्याने चाकं सरळ कर. मुकाट्याने राहणं तुला शिकवायला नको.

बाई गं, इथून पुढचं मनात वाच.

एवढं लिहून कंपाउंडरने पेन खाली ठेवलं आणि खोलीभर नजर फिरवली. मी म्हटलं, लिही, तुला साक्षीला नाही बोलावलं. या वयात माझ्याच्याने कपाट हलतंय होय? सगळं जिथल्या तिथे आहे. पण पोराशी अगदीच खोटं नको, म्हणून काल एक खुर्ची ओढून दारापाशी ठेवली. सकाळी उठले आणि मीच अडखळले. गुडघा चांगला टमटमीत सुजलाय.

खुर्ची परत जागेवर ठेवणार नाही. टेबल उद्या कंपाउंडर ओढू लागेल, पलंगाचं मग बघू. मामा कधी सुट्टीला आलाच, तर माझा शब्द खरा निघायला हवा.

दोघं एकमेकांना धरून राहा, उरलेला लोभ इकडे धाडा.
तुझी आजी