चौथी साखळी

बोर्ली पंचतन

प्रिय जीवन,

सप्रेम जय भीम.

तुझे फोन आले, मी उचलले नाहीत. तब्येत बरी आहे, काळजी करू नकोस. रागावले असते तर फोन उचलून, चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवण्यात गेला, राग मला नवा नाही. पण मला आलीय ती किळस. घासात केस लागला की तो गिळवत नाही आणि चारचौघांत थुंकवतही नाही, तसं झालंय. शिवाय फोनवर तू मध्येच 'ताई, ऐक तर' म्हणाला असतास, आणि त्या 'ऐक तर'ला मी तू एवढासा होतास तेव्हापासून फसत आलेय. म्हणून लिहायला बसले. कागद मध्येच बोलत नाही.

या नादाला मला लावलंस तूच. निवृत्त झाले, घरात एकटी, तेव्हा तू छोट्या रेल्वेचा तो परदेशी संच आणून टेबलावर ठेवलास. 'बाबांनी जन्मभर रुळांवर हातोडा मारला, तू आता टेबलावर रूळ टाक' म्हणालास. मी हसले होते. पण पहिली वॅगन जुळवली आणि वेडच लागलं. खऱ्या वॅगनच्या सत्त्याऐंशीपट लहान, तळहातावर मावणारी. जुळवणं सोपं असतं. खरी मजा नंतरची, बारकावे भरण्याची. गंजक्या खिळ्यांची पूड करून चाकांवर फासायची. काडेपेटीच्या काड्या तासून तळाच्या फळ्या करायच्या आणि त्यांवर खडूच्या पुडीची धूळ बसवायची. तुझी प्राप्ती सुट्टीत यायची, तासन्तास माझ्या शेजारी बसायची. मी 'खेळातली गाडी' म्हटलं की 'आत्या, मॉडेल म्हण' म्हणून रागवायची.

मग तू कंपनीचं काम आणलंस. तुमची कंपनी विमानाच्या शेपटीचे भाग बनवते, ते रेल्वेने बंदरावर जातात आणि बोटीतून बाहेरदेशी. तशी एक वॅगन तुमच्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटासाठी हवी होती. तू यार्डातले फोटो पाठवलेस. सपाट वॅगन, तिच्यावर सामान टेकवायचा लोखंडी सांगाडा, तुम्ही घोडी म्हणता तो, घोडीवर शेपटीचा तो अवाढव्य भाग, कच्च्या आंब्यासारख्या हिरवट रंगाचा, आणि चार कोपऱ्यांना चार साखळ्या. किती जीव लावून केलं मी ते काम! माणगावच्या सोनाराकडून सगळ्यात बारीक साखळी आणली, काळी करून घेतली. पुढच्या दोन आणि मागची डावी सहज बसल्या. मागच्या उजव्या कोपऱ्यात मात्र घोडीचा पाय आडवा येतो, चिमटा आत जाईना. मान वाकडी करून करून दुखायला लागली, पण बसवलीच.

त्याच फोटोत घोडीच्या एका पायावर हातभर रंग नवा दिसत होता. बाकी सगळी घोडी मळकट आणि तेवढाच भाग चकचकीत. तो तसाच दाखवायचा का, म्हणून मी तुला फोन केला. आठवतंय ना? तू हसलास. म्हणालास, 'तिथे चीर गेली होती गं, रंग मारून टाकलाय. नवी घोडी यायला वेळ आहे, बोट थोडीच थांबणार? तू आपली एकसारखी रंगव.' मीही एकसारखी रंगवली. कपाटातल्या वस्तूत चिरेचं काय काम, असंच मला वाटलं. तुमच्या ऑफिसात दिव्याखाली ती वॅगन पाहिली तेव्हा बाबा असायला हवे होते, असं मनात आलं होतं.

पुढे तो अपघात झाला. यार्डात इंजिन जोडताना गाडीला हिसका बसला, घोडीचा पाय मोडला, शेपटीचा भाग कलंडला आणि खाली उभा असलेला, साखळ्या बांधणारा तुमचा कामगार हितेश त्याच्याखाली सापडला. फोनवर मी विचारलं, तो माणूस कसा आहे? तू म्हणालास, 'जिवंत आहे, पाय गेला एक. पण ताई, पीस पूर्ण वाया गेला.' तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण आपल्या माणसाचं बोलणं आपण सांभाळून ऐकतो. बिचाऱ्यावर कामाचा ताण आहे, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

त्यानंतर तू आलास. चिक्कीचा पुडा आणलास, पडवीत बसून चहा घेतलास, माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस आणि मग कामाचं काढलंस. अपघाताची सरकारी चौकशी सुरू आहे, साहेबांपुढे मांडायला तशीच आणखी एक वॅगन हवी. 'फक्त या वेळी मागच्या उजव्या कोपऱ्याची साखळी लावू नकोस.' मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, त्या दिवशी तिथे साखळी नव्हती का? तू कपात बघत म्हणालास, 'होती गं. हितेशने बांधली होती. पण घोडी मोडली म्हटलं तर सगळं आमच्यावर येतं. साखळी तुटलेल्या सामानाबरोबर भंगारात गेली, आता कुणाला काय माहीत? नाहीतरी त्याला परत कामावर यायचं नाहीये.'

तू आणखी समजावलंस. फोटोवर लोक शंका घेतात, पण हातावर धरायची छोटी वस्तू पाहिली की माणूस हरखतो, तिच्यावर विश्वास ठेवतो. 'आणि तुझ्या हातचं काम इतकं खरं असतं ताई, त्याला कुणी खोटं म्हणणारच नाही.' हे तू माझं कौतुक म्हणून बोललास, जीवन. कंपनीतल्या कुणा वकिलाच्या डोक्यातून हे निघालं असतं तर मी शिव्या देऊन विसरले असते. पण माझे हात यासाठी वापरायचे हे तुला सुचलं, आणि ते सांगताना तुझा आवाज जरासुद्धा बदलला नाही. मी बोलत नाही म्हणजे माझा होकार, असं समजून तू गाडीत बसलास. जाताना मागे वळून हातही हलवलास.

तू गेल्यावर मी तुझा कप धुतला. मग पुन्हा धुतला. तिसऱ्यांदा राखेने घासायला घेतला तेव्हा मला एकदम दिसलं की मी काय करतेय. आपण प्यालेला कप लोक कसा धुवायचे, हे आईने आपल्याला सांगितलंय. तिच्यासाठी तर कप वेगळाच असायचा, गोठ्याच्या भिंतीत खोचलेला. आणि मी तिची मुलगी, तिच्याच मुलाचा कप राखेने घासत होते. मोरीतच बसून राहिले. तुझी किळस आली होतीच, आता माझीही आली. ज्या घरात रोज संध्याकाळी बाबा आपल्याला पंचशील म्हणायला बसवायचे, त्या घरातून हे निघावं? 'मुसावादा'पाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, तुझी जीभ अडखळायची आणि बाबा तेवढंच पुन्हा म्हणायला लावायचे.

वॅगन मी केली. दुसऱ्या दिवशीच कामाला लागले. तू सांगितलीस तशी नव्हे, होती तशी. चारही साखळ्या लावल्या. घोडी मळकट रंगवली आणि त्या एका पायावर त्याच मापात नवा रंग दिला, फोटोत दिसत होता तसाच. काम संपलं आणि ती खोक्यात ठेवून मी हितेशच्या गावी गेले. गावाचं नाव तूच मागे बोलण्यात घेतलं होतंस. माणगावला एसटी बदलली, पेणला उतरून पुढे रिक्षा केली. खाडीकाठचं गाव. लोकांची मिठागरं होती, आता अर्ध्यांवर ट्रक उभे असतात. हितेशचं घर शेवटचं. तो ओटीवर खाटेवर बसला होता, मांडीपासून खाली चादर सपाट. तुझ्याहून लहान आहे तो. मी शाळेतली बाई आहे, अपघाताबद्दल विचारायला आलेय, एवढंच सांगितलं. त्याची बायको भक्ती पाणी घेऊन आली. आई, वेणूबाई, दाराशी सुकट निवडत होत्या.

मी विचारलं, त्या दिवशी साखळ्या बांधल्या होत्यास का? त्याने लगेच मान खाली घातली. म्हणाला, 'तीन बांधल्या ते आठवतंय. चौथी बांधली का न्हाय ते सांगता येत न्हाय, बाई. साहेब हास्पिटलात आलते. ते बोलले, तू इसरलास. आधी मी न्हाय बोललो. पन सगलेच बोलायला लागले तवा वाटलं, इसरलोच असन.' भक्ती म्हणाली, 'झोपंत पन तेच बडबडतात. माजी चूक, माजी चूक.'

हास्पिटलात आलेले साहेब कोण, ते मी विचारलं नाही. तू त्याला मोसंबी घेऊन भेटायला गेला होतास, हे तूच मला फोनवर सांगितलं होतंस. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता.

मी खोकं उघडून वॅगन त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती डोळ्यांजवळ धरून सगळ्या बाजूंनी पाहिली. मग बोट मागच्या उजव्या कोपऱ्याकडे नेलं आणि म्हणाला, 'हितं हात जात न्हाय. पोटावर झोपून बांदाय लागतं.' मी म्हटलं, माझाही चिमटा जाईना. तो जरासा हसला आणि हसता हसता थांबला. सदऱ्याची बाही वर करून त्याने कोपर माझ्यापुढे धरलं. कोपराच्या खाली लांब, पांढरट ओरखडा. 'त्या दिवशीच लागलं ह्ये. घोडीच्या पायाच्या मागं हात घातला, साखली वढली, तवा सोललं. रगत आलं म्हून मी फडकं बांदलं.' मग बायकोकडे वळून म्हणाला, 'बांदली व्हती गो मी. चारी बांदल्या व्हत्या.' आणि तो रडायला लागला, लहान मुलासारखा, वॅगन धक्क्याने मोडेल म्हणून एका हाताने सांभाळत.

तेव्हा मी सांगितलं की मी कुणाची बहीण आहे, आणि तू माझ्याकडे काय मागितलंस. वेणूबाई उठल्या आणि सुपासकट आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या नाहीत. हितेशने वॅगन हळूच खोक्यात ठेवली. भक्तीने विचारलं, 'तुमच्या भावाला पोरं हायत?' मी म्हटलं, एक मुलगी आहे, दहावीला. ती म्हणाली, 'घरी गेल्यावर तिच्या तोंडाकडं बघवतं त्यांना?' आवाज चढवला नाही तिने. खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं. हा प्रश्न तुझा आहे, जीवन. तू उत्तर देऊ शकशील का, मला माहीत नाही.

काल मी चौकशी अधिकाऱ्यांकडे जाऊन आले. वॅगन आता त्यांच्याकडे आहे, ती न्यायला रविवारी येतो म्हणाला होतास, येऊ नकोस. घोडीची चीर, वरून मारलेला रंग, चौथी साखळी, तू पडवीत बसून बोललास ते सगळं, तुझ्या नावासकट सांगितलं आणि खाली सही केली. हितेशनेही जबाब दिला, भक्तीच्या खांद्याचा आधार घेऊन उभं राहून. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, 'बाई, तुमच्या फोटोत नुसता रंग दिसतो, बाकी तुम्ही ऐकलेलं सांगताय. चीर ज्याने डोळ्यांनी पाहिली, रंग मारायला ज्याने सांगितलं, तो बोलला तर या माणसावरचा ठपका पुसला जाईल. नाहीतर कंपनीचा वकील हे सगळं खोडून काढेल.' म्हणजे तुझ्यावाचून हितेश सुटत नाही. तुला बोलावणं येईलच. तू काय बोलशील, हे मला आज सांगता येत नाही, आणि सख्ख्या भावाबद्दल असं लिहावं लागतंय याची लाज वाटते. तू खरं बोललास तर तुझी नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही होईल. ते मला कळतं. तुझं घर चालवायला मी येईन, माझं पेन्शन आहे, हात आहेत. खोटं बोललास तर मात्र तुझ्यासमोर जेवायला बसणं मला जमणार नाही.

पण हे पत्र त्यासाठीही नाही. काल घरी पोचले तर प्राप्तीचा निरोप आला होता. परीक्षा संपली, सोमवारी एकटीच एसटीने येतेय, महिनाभर राहणार, 'आत्या, ती विमानाची नवी वॅगन मला बघायचीय.' ती आल्या आल्या टेबलाशी जाईल आणि वॅगन कुठे आहे म्हणून विचारेल. मी तिच्याशी खोटं बोलणार नाही. हे पत्र कुरियरने पाठवतेय, शुक्रवारपर्यंत मिळेल; तुझ्या हातात शनिवार आणि रविवार आहे. तिला जवळ बसव आणि तिच्या बापाने काय केलं ते तिच्या बापाच्या तोंडून तिला कळू दे. माझ्याकडून कळायला नको, एवढ्यासाठी लिहिलं.

तुझीच,
ताई