तळ्याला जाताना चढ का?

३ फेब्रु. ६४
आजपासून माझी पहिली-दुसरी मागच्या चिंचेखाली. शाळेला खोली एकच. मोठे गुरुजी तिसरी-चौथीचे पाढे घेतात तेव्हा माझं मलाच ऐकू येत नाही. गुरुजींना पसंत नाही. "पोरं उंडारतील, बाई." पंचवीसजण. चिंचोके मोजून बेरजा. कोणी उंडारलं नाही.

६ फेब्रु.
दुसरीतली वच्छी दीड वर्षात वर्गात एक शब्द बोललेली नाही. तिचे वडील किसन माळी भाजीची टोपली घेऊन शाळेवरून गेले, थांबले. "बाई, मुकीच हाय थे. मळ्यात तरी कामी येईन. नाव काढून टाका." म्हटलं, महिना द्या. मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.
ती मात्र झाडाखाली पालथी पडून मुंग्यांची रांग बघत होती. आत कधी मान वर नसते तिची.

१४ फेब्रु.
लोणारचं तळं दाखवलं. जाताना कोसभर पायी, परतताना बैलगाडी. काठाला पोचलो तर पंचवीसजणांत चिडीचूप. एवढा मोठा गोल, खाली हिरवं पाणी, कडेनं झाडी, मोर ओरडतोय. मी इथं चौथ्यांदा आले. तरी त्यांच्यात उभी राहून पहिल्यांदा पाहिल्यासारखं वाटलं.
परत निघताना पदर कोणीतरी ओढला. वच्छी.
"बाई, तळ्याले जायाले चढा काऊन लागलं? तळं तं खाली असते."
आवाज घोगरा, मोठा. आधी ती बोलली याचंच भान, मग प्रश्नाचं. खरंच की. शेतातून काठापर्यंत आपण चढतच आलो. आजवर माझ्या डोक्यात आलं नाही. म्हटलं, "मला माहीत नाही गं." तिला त्याचं काही वाटलं नाही.

१५ फेब्रु.
भूगोलाचं पुस्तक काढून पाहिलं. लोणार म्हणजे 'मृत ज्वालामुखी' एवढंच. चढाचं काही नाही.
मधल्या सुट्टीत गाडीवाटेच्या फुफाट्यात पोरांचा घोळका. मधे वच्छी. दगड टाकते, वाकून बघते. मग उभी राहून जोरानं मारला.
"पाहा बाई, जोरानं मारला तं काठ वर येते."
बोट फिरवून पाहिलं. मधे खड्डा, भोवती उचललेली कड. दुसरा, तिसरा, सगळे तसेच.
"वरतून मोठा गोटा पडला असन," ती म्हणाली. अगदी साधं. भाजीचा भाव सांगावा तसं.
तिथंच धुळीत बसले. सात वर्षांची पोर. खरं-खोटं देव जाणे, पण हे तिला कोणी शिकवलं नाही. मी तर नाहीच.

२० फेब्रु.
शाळा तपासायला साहेब आले. वर्ग बाहेर पाहून कपाळाला आठ्या. फुफाट्यात पुन्हा दगड मारून खड्डे दाखवले, वच्छीचं म्हणणं सांगितलं. साहेब बराच वेळ वाकून बघत होते. मग, "पुस्तकात आहे का हे?" नाही म्हटलं. शेरेबुकात लिहिलं : वर्ग खोलीतच भरवावा. मोठे गुरुजी दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र म्हणाले, "बाई, एकदा माझी चौथीही न्यायची होती तळ्यावर."

२२ फेब्रु.
सोमवारपासून आत. आज शेवटचं चिंचेखाली. शाळा सुटता किसन माळी आले. मला वाटलं, नाव काढायला.
"बाई, घरी तिची टकळी बंदच होत नाही. मायले इचारते, मले इचारते. थे गोट्याचं खरं हाय का?"
"मला माहीत नाही."
"साहेबाले?"
"त्यांनाही नाही."
"मंग मोठ्या शहरातल्या शिकेल मानसायले?"
"पक्कं कोणालाच नाही, किसनभाऊ. शोधतायत."
ते वाटेकडे पाहत राहिले. "एवढं मोठं तळं, जनमभर पाहून राह्यलो. मले वाटे, सगळ्यायले माहीत असन, मलेच नाही."
नाव काढायचं का, ते विचारलं. "होळी होऊ द्या, मंग सांगतो," म्हणाले. वच्छी पुढं पळाली होती. तिला हाक मारली नाही त्यांनी. फुफाट्यातल्या खड्ड्यांकडे बघत उभेच राहिले.