आधी थोरलीचं

३ जानेवारी १९९४, सोमवार
तुझ्यात दुसरी कोण आहे? विश्वजीत सरांनी आज फोटोग्राफीच्या क्लासमध्ये विचारलं. मी प्रश्न वहीत उतरवून घेतला. बी.ए.ची सवय. एकाच फोटोत स्वतःला दोनदा दाखवायचं, हा अभ्यास. तीस तारखेला प्रदर्शन.
ठरलं. डावीकडे आईसारखी मिठागरातली मी, उजवीकडे पदवीधर मी. समाज हादरेल. निदान पनवेल.

४ जानेवारी
कुमुदआत्या उरणहून स्थळ घेऊन आली. बंदरात क्लार्क, बी.कॉम., त्यांच्या घरातला पहिलाच. मी स्पष्ट सांगितलं, दोन वर्षं लग्नाचा विषय नको, मला कॅमेऱ्यातून काही सांगायचं आहे. आत्या म्हणाली, "सांग ना बाय, तो आयकंल." मुलाचा फोटो ठेवून गेली. पाहिला, फक्त तांत्रिक दृष्टीने. फोकस बरा आहे. नाव हितेश.

८ जानेवारी, शनिवार
पहिला प्रयत्न. क्लासचा कॅमेरा स्टुलावर. एक फोटो काढायचा, मग खालचं बटण दाबून लिव्हर ओढायचा. फिल्म सरकत नाही, त्याच जागी दुसरा फोटो उमटतो. टायमर लावून धावायचं. धावले. आईचं लुगडं पायात आलं.
आई म्हणाली, टोपली अशी धरतात होय? "मिठागरान कदी पाय तरी ठेवलास?" मी म्हटलं, हे प्रतीक आहे. "मंग टोपली पन प्रतीकाची आन. माज्या टोपलीन कांदं हायेत."

१२ जानेवारी
दोन्ही मी आरपार! माझ्या कपाळातून भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं. भुवईच्या वर संकष्टी. सर म्हणाले, पाठीमागे काळं हवं, सांगितलं होतं. मग जोरात सांगायला हवं होतं.
हितेशचा फोटो पुन्हा पाहिला. मागचा पडदा बघायला.

१६ जानेवारी, रविवार
काळा कपडा टांगला. आई भडकली. "सोयरिकीचं बोलनं चाललंय नि घरान काला कपडा?" शेवटी बाबा मध्ये पडले: दार लावून, अर्धा तास.
आधी लुगडं नेसून, चष्मा उतरवून उभी राहिले. कॅमेऱ्याची लेन्स कुठे आहे तेच दिसेना, म्हणून मान खाली घातली. मग चष्मा, कुर्ता, हातात पदवी, चेहरा गंभीर. दुसरा हात हवेत, जिथे पहिल्या मीचा खांदा असावा तिथे. अंदाजाने.

२२ जानेवारी
जमलं! पदवीधर मीचा हात मिठागरातल्या मीच्या खांद्यावर. हात जरासा आरपार, पण खांद्यावरच. क्लासकडून प्रत्येकाला एकच मोठी प्रिंट. सर "हं" म्हणाले. ते सहसा एवढंही म्हणत नाहीत.

२५ जानेवारी
प्रिंट गायब. ती ठेवलेलं पाकीट बाबांनी उघडून न बघता आत्याच्या हाती उरणला धाडलं. "वर फोटो लिवलेला. दुसरं काय आसंल?" निषेध म्हणून जेवले नाही. नंतर थोडं जेवले.
मुलाकडचे काय म्हणाले, हे मी विचारणार नाही. आत्या कधी येणार, एवढंच विचारलं. बाबा म्हणतात, सारखं विचारते.

२८ जानेवारी, शुक्रवार
आत्या प्रिंट घेऊन आली. चेहरा उतरलेला. मुलाच्या आईला डावीकडची पसंत. लाजरी, नजर खाली. पण उजवीकडचीला त्यांनी मोठी बहीण धरलं. "थोरली शिकलेली, चष्मेवाली घरान बसलीय नि धाकटीचं करताव? आदी थोरलीचं करा, मंग या." आत्याने शपथेवर सांगितलं, पोर एकच हाय. त्यांनी फोटो पुढे केला. "मंग ही कोन?" आत्याने फोटो पाकिटात घातला आणि एसटी धरली.
आई म्हणाली, "तुज्या वाटेत तूच उबी राहिलीस गो."
मला वाईट वाटलेलं नाही. उलट, कलेचा विजय. डोळे चुरचुरतात ते डार्करूमच्या केमिकलने. आज क्लास नव्हता, पण परिणाम राहतो.
हितेश म्हणे फोटो बराच वेळ हातात धरून बसला होता. दोघींपैकी कुणाकडे बघत होता, ते आत्याने पाहिलं नाही. महत्त्वाचं कोणी बघतच नाही.

३० जानेवारी, रविवार
प्रदर्शनात माझ्या नावाखाली अर्धाच फोटो आहे. लुगड्यातली. सर म्हणाले, हे डबल एक्स्पोजर नाही. मी खांद्यावरचा हात दाखवला. नुसताच हात. एका बाईंनी मुलाला जवळ ओढून पुढे नेलं.
दोन वर्षांचा निश्चय कायम आहे. पण गैरसमज दूर करणं हे पदवीधराचं कर्तव्य आहे. म्हणून सकाळीच कात्री लावली. उरलेला अर्धा पाकिटात घातला आणि स्टँडवर जाऊन उरणच्या एसटीत बसलेल्या आत्याच्या मांडीवर ठेवला. थोरलीचा एक हात इकडेच राहिला, तेवढं हितेशने समजून घ्यावं. मागे लिहिलं: ही थोरली. आधी हिचंच बघा.