जिची कळ तिला

३ नोव्हेंबर
आले एकदाची! गाडीच्या मागच्या सीटवर आडवी पडून, गुडघ्यांखाली उशी घेऊन आले, पण आले. आमचे हे प्रत्येक खड्ड्याला माझी माफी मागत होते, जणू रस्ता त्यांनीच खणलाय.

हे कंबरदुखीच्या उपचारांचं घर झकास आहे. बैठं, लांबट, ओळीनं खोल्या, उंबरा कुठेच नाही. पलंग कडक आणि चांगले उंच, म्हणजे उठताना कंबरेवर भार येत नाही. संडासात दोन्ही बाजूंना धरायला दांडे. ज्या कुणी हे बांधलं त्याची कंबर आधी नक्की मोडली असणार. घर चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. त्यांनी आल्या आल्या उठायचं कसं ते शिकवलं. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग हाताच्या जोरावर बसायचं. मी इतके महिने सरळ उठायला बघायची आणि रोज ब्रह्मांड आठवायचं.

५ नोव्हेंबर
सकाळी गरम पाण्याची पिशवी, मग ओणवं होऊन मांजरासारखी पाठ वर-खाली करायची, मग व्हरांड्यात जमेल तेवढं चालायचं. आज मोजे माझे मी घातले. शिंक आली तेव्हा मात्र भिंत धरून रडले.

पडल्या पडल्या दुसरा उद्योग काय, इस्त्रीला शिव्या घालते. इस्त्री म्हणजे हॉटेलच्या धुलाईखात्यातली आमची सुपरवायझर. कडक आणि कायम तापलेली, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. ट्रॉलीचं चाक मोडलं होतं. कंबरेत कळ येतेय असं मी सांगितलं, तर बाईसाहेब म्हणाल्या, नाटकं नकोत, उचल. ओल्या चादरींचा गठ्ठा उचलला आणि तिथेच कोसळले. ती मला ओलांडून गेली. ओलांडून! मी हिचं काय घोडं मारलं होतं? वर साहेबांना सांगितलं की ही घरूनच दुखणं घेऊन आली होती. माझी नोकरी गेली. मणक्यातली चकती सरकली ती सरकलीच, आणि डाव्या पायातल्या मुंग्या अजून जात नाहीत. मला फक्त माझ्या पायांवर चालत घरी जायचंय. आणि तिला रांगताना बघायचंय. खोटं कशाला बोलू?

८ नोव्हेंबर
आज मालिश. टेबलाला तोंडापुरतं भोक, त्यातून फक्त फरशी दिसते. मावशींनी कंबरेवर हात ठेवला आणि विचारलं, हे दुखणं कुणी दिलं. मला वाटलं, गप्पा मारतायत. त्या म्हणाल्या, ते माणूस डोळ्यांसमोर आण आणि ‘घे’ म्हण, पुटपुटलंस तरी चालेल. मला हसू आलं. पण माणूस तर आयतंच तयार होतं. म्हटलं, घे.

कंबरेतून काहीतरी सरकत बाहेर गेलं. गरम, ओलसर. मी टेबलावरून उतरले आणि पडलेला रुमाल वाकून उचलला! मग मुद्दाम पाडून पुन्हा उचलला.

११ नोव्हेंबर
ह्यांचा फोन. इस्त्री कामावर कोसळली. नुसती पेन उचलायला वाकली होती म्हणे. उचलून न्यावं लागलं. मी दोनदा सांगायला लावलं. पोट भरून जेवले. मग ह्यांना सांगितलं, तिच्या घरी इथला पत्ता पोचवा, बिचारीला गुण येईल. हे म्हणाले, तुझं मन मोठं आहे. म्हटलं, बघा की. बघायचं मलाच होतं.

१४ नोव्हेंबर
आली! तिचा भाऊ घेऊन आला. गाडीतून उतरून हातापायांवर खोलीपर्यंत गेली. मी व्हरांड्यात ताठ उभी होते. तिनं मान वर करून बघितलं. ओळखलं. मी बाजूला झाले नाही, तिलाच वळसा घालावा लागला. किती दिवसांनी जिवाला गार वाटलं.

तिची खोली माझ्या शेजारचीच.

१६ नोव्हेंबर
आज उठताच आलं नाही. कळ परत आलीय. आणि एकटी नाही आली. उजवा पाय माझा कधीच दुखला नव्हता, तोही पेटलाय. मावशींना विचारलं. त्या तेल गरम करत शांतपणे म्हणाल्या, काल तिलाही विचारलं कुणी दिलं म्हणून, तिनं तुझ्याकडे बोट दाखवलं. मी फक्त वाट मोकळी करते.

म्हटलं, मग माझीही करा. आत्ता.

१७ नोव्हेंबर
दिली. भिंतीपलीकडून तिची किंकाळी आली. बरं वाटलं. मी व्हरांडाभर चालले.

१९ नोव्हेंबर
परत आली. जड होऊन. दर फेरीला जड होतेय — कंबरेत गठ्ठा घातलाय आणि तो ओला होत चाललाय. हे न्यायला येतो म्हणाले. मावशी म्हणाल्या, खुशाल जा, जाताना ज्या पाठीत असेल ते त्या पाठीचं.

म्हणजे तिनं शेवटची दिलेली कळ माझ्या पाठीत घेऊन जाऊ? ह्यांना येऊ नका सांगितलं.

२१ नोव्हेंबर
दिली.

२२ नोव्हेंबर
आली. पाय बधिर. टाचणी टोचून बघितली — काही नाही. गादी ओली झाली, मला कळलंसुद्धा नाही. घाबरलेय. फार घाबरलेय. कातडीखाली बोटं चालल्यासारखी — आतून —

२४ नोव्हेंबर
मी पुन्हा दिली. संध्याकाळी ती सरपटत माझ्या दाराशी आली. रडत होती. म्हणाली, चुकलं माझं, पुरे आता, नाहीतर दोघी मरू. उद्या दोघींनी टेबलावर गप्प राहायचं. मावशी म्हणतात, मग अर्धं अर्धं वाटलं जातं. अर्ध्यानं माणूस चालू शकतो.

मी हातावर हात मारला. शब्द दिला.

२५ नोव्हेंबर
टेबलावर. तोंड भोकात. वही फरशीवर, हात खाली सोडून लिहितेय. शेजारच्या टेबलावर ती, मध्ये पडदा. मावशींचा एक हात तिच्या कंबरेवर, एक माझ्या.

अर्धं. चालेल. घरी जाईन —

पण तीही जाणार. चालत. परत कामावर. परत कुणालातरी म्हणणार, नाटकं नकोत. परत ओलांडणार —

नाही.

म्हणाले. घे —

पडद्याआडून तीही. त्याच क्षणी. माझाच शब्द — अर्धं नाही, सगळंच दोघींत —

पाय गेले. कंबर — कंबर कुठेय — मावशींनी हात काढून घेतले. दार लावल्याचा आवाज —

ती अजून श्वास घेतेय. मला ऐकू येतंय. बोटं जड — जीभ हलतेय अजून. तिची हलायच्या आत मी पुन्हा